जुन्या के-१० पिकअपची पुढची बाजू आणि स्टेअरिंग : आधी काय, नंतर काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : १९७९ची शेवरले के-१० पिकअप, कोलोरॅडोत घेतलेली. आधीच्या मालकाने चार इंचांची लिफ्ट (गाडी उंच करायचा संच) टाकून ३३ इंची टायर चढवलेत. हायवेवर गाडी सतत सावरावी लागते, खड्ड्यात चाक गेलं की स्टेअरिंग आपोआप फिरतं, आणि ताशी ४५ मैलांच्या आसपास एकदा पुढची चाकं इतकी थरथरली की गाडी कडेला घ्यावी लागली. आता दुहेरी स्टॅबिलायझर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक) घ्यावा, नवा स्टेअरिंग बॉक्स टाकून क्रॉसओव्हर (आडव्या दांड्याचं) स्टेअरिंग करावं, की सरळ एक टनी गाडीचा डाना कंपनीचा मजबूत डाना ६० एक्सलच बसवावा?

यातली एकही वस्तू अजून मागवू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत आणि स्टॅबिलायझर त्यातलं एकही मूळ काढत नाही, फक्त लक्षण दाबून ठेवतो. गाडी सरळ न राहणं हे बहुतेक वेळा कमी झालेल्या कॅस्टरमुळे (चाक ज्या रेषेवर वळतं तिचा मागचा झुकाव) आणि ढिल्या सांध्यांमुळे होतं. खड्ड्यात स्टेअरिंग फिरणं हा या गाडीच्या मूळ रचनेतला दोष आहे, तो लिफ्टमुळे वाढलाय. आणि चाकं थरथरली याचा अर्थ कुठेतरी खेळ इतका झालाय की एका धक्क्याने सुरू झालेलं हेलकावणं आवरायला पुढे काही घट्ट उरलेलं नाही. जड आणि महागडे पार्ट ढिल्या पायावर बसवले तर ते त्या पायालाच तोडतात. म्हणून क्रम पाळा : चेसिस, मग सांधे आणि बेअरिंग, मग कॅस्टर, आणि शेवटी स्टेअरिंगची रचना बदलणं.

मी सुरुवातीला साताऱ्याकडे महिंद्राच्या जीपगाड्यांवर काम केलं आणि आता बरीच वर्षं इकडे याच जातीच्या शेवरले-जीएमसी गाड्यांची पुढची बाजू खोलतोय. १९७३ ते १९८७ या काळातल्या या चौकोनी अंगाच्या गाड्या मला मनापासून आवडतात. सरळ एक्सल, दोन्ही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), उघडे नकल (चाकाला धरून वळणारे भाग), बॉल जॉइंट, पुढे कंपनीपासूनच डिस्क ब्रेक. पार्ट आजही सहज मिळतात आणि घरच्या अंगणात खोलता येतात. तुमच्या १९७९च्या गाडीत पुढे बहुतेक जीएमचा स्वतःचा टेन-बोल्ट एक्सल असेल. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत डाना ४४ यायचा. गंमत म्हणजे कव्हरला बोल्ट दोन्हीकडे दहाच असतात, त्यामुळे बोल्ट मोजून ओळख पटत नाही, कव्हरचा आकार बघावा लागतो. पण आपल्या कामाला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण नकलपासून बाहेरचे बरेचसे भाग दोघांचे सारखे आहेत.

आता चेसिस. या गाड्यांचा स्टेअरिंग बॉक्स ड्रायव्हरच्या बाजूच्या रेलवर (चेसिसच्या लांब बीमवर) पुढे बोल्टांनी कसलेला असतो. रेल सी आकाराची, म्हणजे एका बाजूने उघडी. स्टेअरिंग फिरवलं की चाकांचा सगळा विरोध ड्रॉप आर्ममार्फत (बॉक्समधून निघणारा, फिरणारा दांडा) बॉक्सवर येतो आणि बॉक्स त्या रेलच्या पत्र्याला पिळतो. मूळचे अरुंद टायर असताना हे वर्षानुवर्षं चालून जायचं. ३३ इंची रुंद टायर जागेवर उभ्या गाडीत वळवायला लागलात की पिळण्याचा जोर खूप वाढतो. मग बोल्टाच्या भोकापासून भेग सुटते.

ही भेग सुरुवातीला केसाएवढी असते. भोकाच्या कडेने निघते आणि रेलच्या वरच्या किंवा खालच्या वाकणाकडे सरकते. ऑइल आणि माती साचून तिथे काळा कडक थर जमलेला असतो, त्याखाली ती दिसतच नाही. तार-ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने तो भाग धातू दिसेपर्यंत साफ करा. भेग असेल तर अनेकदा गंजाची एक तांबूस रेघ दिसते, जणू पेन्सिलीने ओढलेली. शंका आली तर भेगा शोधायचा लाल डाय मिळतो, तो मारा, पुसा, वर डेव्हलपर फवारा. भेग असेल तर लाल रेघ उमटते. मग एकाला गाडीत बसवा, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडणी लावलेली, टायर जमिनीवर. त्याला स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बाहेरून बॉक्स आणि रेल यांच्यामधल्या रेषेवर नजर ठेवा. बॉक्स रेलसकट श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होत असेल तर पुढचं काहीही करण्याआधी हे दुरुस्त करायचं.

दुरुस्ती अशी : बॉक्स उतरवा, बॅटरीची वायर काढा, जवळून जाणाऱ्या ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या बाजूला घ्या. भेगेचं टोक शोधून तिथे आठवा भाग इंचाचं भोक मारा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. भेग ग्राइंडरने व्ही आकारात उघडा, पूर्ण खोल वेल्डिंग भरा, घासून सपाट करा आणि मग त्यावर प्लेट. या गाड्यांसाठी बॉक्सच्या भोकांसकट तयार प्लेट मिळतात, त्या घ्या. प्लेटच्या टोकाला रेलवर सरळ उभी वेल्ड-रेघ मारू नका. वेल्डच्या कडेला पत्रा कमजोर होतो आणि उद्या बरोबर त्याच रेघेवर नवी भेग पडते. टोकं तिरकी किंवा माशाच्या शेपटीसारखी कापलेली असावीत. बॉक्सचे बोल्ट रेलमधून जिथे आरपार जातात तिथे आतून नळीचे तुकडे वेल्ड करून घ्या, म्हणजे बोल्ट कसताना रेल दबत नाही. बॉक्सपासून पुढच्या क्रॉसमेंबरपर्यंत एक आडवा टेकू दिला तर अजून उत्तम. आणि हे काम ज्याचा हात चेसिसच्या वेल्डिंगवर बसलेला आहे त्याच्याकडूनच करून घ्या. गेटला बिजागरी जोडणाऱ्याकडून नको.

चेसिस ठीक असेल किंवा झाली असेल तर सांध्यांकडे वळा. आधीसारखंच एकाला स्टेअरिंगवर बसवा आणि वरून खाली एकेक सांधा तपासा. कॉलम आणि बॉक्स जिथे जोडले जातात तिथे रबर-कापडाची चकती असते. ती तेल पिऊन फुगलेली, फाटलेली असेल तर बॉक्सला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानंतर बॉक्सचा आत जाणारा शाफ्ट फिरतो आणि ड्रॉप आर्म हलतो, या दोघांमधला उशीर बघा. मग ड्रॅग लिंकचे (ड्रॉप आर्मपासून नकलपर्यंतचा दांडा) दोन्ही एन्ड, टाय रॉडचे (दोन्ही नकल जोडणारा दांडा) दोन्ही एन्ड. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. सांध्याच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी बोट टेकवा. खेळ असेल तर दोन भाग वेगवेगळ्या वेळी हलतात आणि बोटाला ते लगेच समजतं. हे करताना बाहीचं कापड फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

यानंतर एक्सल जॅकवर घ्या, खाली घोड्या लावा. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड झाली तर ती बॉल जॉइंटची की बेअरिंगची, इथे बहुतेक जण गोंधळतात आणि नको तो पार्ट बदलतात. युक्ती सोपी आहे : आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबला की डिस्क कॅलिपरमार्फत नकलशी जखडली जाते, म्हणजे बेअरिंगचा खेळ नाहीसा होतो. ब्रेक दाबून खडखड थांबली तर बेअरिंग; तरीही राहिली तर बॉल जॉइंट.

बॉल जॉइंटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच काम बिघडतं. या एक्सलमध्ये वरच्या बॉल जॉइंटची खुंटी एका आटे असलेल्या बाहीतून जाते आणि ही बाही एक्सलच्या टोकाच्या सी-भागात घट्ट बसलेली असते. ती फिरवायला चार दातांचा खास सॉकेट लागतो. पुष्कळ जण ती बाही न हलवता जुना जॉइंट ठोकून काढतात आणि नवा दाबून बसवतात. मग खुंटी वरून ओढली जाते, नकल जड होते किंवा उलट ढिली राहते. बरोबर क्रम असा : बाही आधी मोकळी करा. जॉइंट बसल्यावर खालचा नट ७० फूट-पाउंड, मग बाही ५० फूट-पाउंड, मग वरचा खाचांचा नट १०० फूट-पाउंड. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे कसा, मागे कधीच सोडू नका. आता टाय रॉड न जोडता, नकलच्या टाय रॉडच्या भोकाला स्प्रिंगचा काटा लावून ओढा. २५ पाउंडांच्या आत नकल फिरली पाहिजे. जास्त लागत असेल तर वरचा नट सोडून बाही थोडी ढिली करा. जड नकल वळणानंतर स्टेअरिंगला परत सरळ येऊ देत नाही, आणि मग माणूस कॅस्टरच्या मागे लागतो.

टाय रॉडचे एन्ड काढताना दुहेरी फाळाचा पाचर ठोकू नका, रबरी बूट फाटतात. नट दोन आटे ठेवून सोडा आणि नकलच्या डोळ्यावर बाजूने जड हातोड्याचे दोन-तीन खणखणीत फटके द्या. टेपर स्वतःहून सुटतो.

नकल उघडलीच आहे तर स्पिंडलही (चाकाचं हब ज्यावर फिरतं ती नळी) उतरवा. त्याच्या आतल्या बाजूला एक छोटं नीडल बेअरिंग असतं, ज्याच्यावर एक्सलचा बाहेरचा शाफ्ट फिरतो. चाकाच्या बेअरिंगना सगळे ग्रीस भरतात, याला कोणी विचारत नाही, कारण हब काढून इथपर्यंत हात पोचत नाही. उघडल्यावर बहुतेक वेळा तिथे ग्रीसच्या जागी तपकिरी भुकटी सापडते. बेअरिंग आणि सील दोन्ही स्वस्त आहेत, बदलून टाका. तुमच्या गाडीत हब लॉक (पुढची चाकं एक्सलशी जोडणारं-सोडणारं कुलूप) आहेत की साधे फ्लँज, हेही याच वेळी बघा. त्या काळात ऑटोमॅटिक गिअरच्या बऱ्याच गाड्या सतत फोर-व्हील चालणाऱ्या एनपी २०३ ट्रान्सफर केससह (जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा गिअरबॉक्स) यायच्या, त्यांना लॉकिंग हब नसतात.

आता कॅस्टर. सरळ एक्सलच्या गाडीत हा कोन म्हणजे नकलची वर-खालच्या जॉइंटमधून जाणारी रेषा किती मागे झुकली आहे तो. झुकाव पुरेसा असेल तर चाकं स्वतःहून सरळ व्हायला बघतात. लिफ्टचे पाटे टाकताना हा कोन बिघडतो आणि पाटे टाकणारा तो मोजत नाही. तुमची गाडी अलाइनमेंटवाल्याकडे नेऊन फक्त आकडे मागा, दुरुस्ती नको. ३३ इंची टायरवर मला दोन्ही बाजूंना पॉझिटिव्ह ४ ते ६ अंश हवे असतात. दोन्ही बाजूंमध्ये एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर एक्सलची नळी वाकलीय का, पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलाय का, हे आधी शोधा.

कॅस्टर वाढवायला पाटा आणि एक्सल यांच्या मध्ये पाचरीसारखी शिम घालतात. या गाडीत पाटा एक्सलच्या वर असतो, त्यामुळे शिमची जाड बाजू मागे येते. शिम पोलादाची घ्या. अॅल्युमिनियमची दाबाने पसरते, फुटते आणि यू-बोल्ट ढिले पडतात. पण इथे एक किंमत मोजावी लागते. एक्सल वरून मागे झुकवला की मागच्या बाजूला असलेलं पिनियन (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडतो ते टोक) खाली जातं, आणि लिफ्टमुळे आधीच तिरक्या झालेल्या पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा अजून जास्त कोनात वाकतो. दोन-तीन अंशांपर्यंत चालून जातं. त्याहून जास्त लागत असेल तर सी-भागाचं वेल्डिंग कापून, तो फिरवून पुन्हा जोडणं हाच खरा उपाय. ते काम जिगवर करणाऱ्या चांगल्या वर्कशॉपमध्येच करावं. यू-बोल्ट एकदा सोडले की नवे घ्या, जुन्यांचे आटे ताणलेले असतात.

इथपर्यंत केलंत तर तुमची थरथर आणि रस्त्यावरचं भरकटणं बहुतेक जाईल. थरथरीसाठी आणखी एक गोष्ट फुकटात तपासता येते : पुढचे टायर मागे टाकून बघा. कडा खाल्लेला किंवा आतून दोर सुटलेला टायर हे थरथरीचं सुरुवातीचं कारण असू शकतं.

राहिलं ते खड्ड्यातलं स्टेअरिंग. मूळ रचनेत ड्रॅग लिंक रेलच्या समांतर, पुढून मागे जाते आणि डाव्या नकलला ढकलते किंवा ओढते. चाक वर उडालं की पाट्यांवर बसलेला एक्सल एका वाटेने जातो आणि ड्रॅग लिंकचं टोक आपल्या वर्तुळाने दुसऱ्या वाटेने. दोघांतला फरक नकलला वळवतो, तो धक्का उलटा येऊन तुमच्या हातात स्टेअरिंग फिरवतो. कंपनीच्या उंचीवर लिंक जवळजवळ आडवी असल्याने फरक लहान राहतो. चार इंच वर उचलल्यावर ती तिरकी होते आणि फरक चांगलाच जाणवतो.

यावर दोन वाटा आहेत. गाडी मुख्यतः रस्त्यावर आणि साध्या कच्च्या रस्त्यांवर चालणार असेल तर डाव्या नकलवर उंच केलेला स्टेअरिंग आर्म बसवा. लिंक पुन्हा आडवी होते, बाकी काही बदलावं लागत नाही, आणि माझ्या मते चार इंचांच्या लिफ्टला एवढं पुरतं. डोंगरातल्या दगडी वाटांवर एक चाक वर, एक खाली असं नेहमी चालवणार असाल तर क्रॉसओव्हर करा.

क्रॉसओव्हरमध्ये ड्रॅग लिंक ड्रायव्हरच्या बाजूच्या बॉक्सपासून आडवी उजव्या नकलपर्यंत जाते. लांब आणि एक्सलला जवळजवळ समांतर असल्याने एक्सल वर-खाली झाला तरी तिची पोच फार बदलत नाही. यासाठी याच पिढीच्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीचा बॉक्स लागतो, कारण त्याचा ड्रॉप आर्म आडवा फिरतो. तुमच्या बॉक्सचा पुढे-मागे. उजव्या नकलवर वरून आर्म बसवावा लागतो, त्यासाठी वरचा भाग सपाट आणि पुरेसा जाड असलेली नकल हवी. सगळ्या उजव्या नकली तशा ओतलेल्या नसतात. मशीन करून, भोकं पाडून तयार मिळतात त्या घेणं सोपं. लिंक बाजारातल्या हलक्या नळीची करू नका. सव्वा इंच बाहेरचा व्यास आणि पाव इंच जाडीची शिवण नसल्यासारखी ओढलेली नळी, दोन टोकांना डावे-उजवे आटे, आणि एक टनी गाडीचे एन्ड. आर्ममधली भोकं त्या एन्डच्या टेपरला रीमरने जुळवून घ्या. टेपर एकदा जास्त खोल गेला की एन्डची खुंटी बाहेर जास्त निघते आणि नट तळाला टेकतो पण खुंटी बसलेलीच नसते. रीमर थोडा फिरवा, एन्ड घालून बघा, पुन्हा फिरवा.

बॉक्स बसवताना त्याचं मधलं ठिकाण नक्की करा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शाफ्टचे फेरे मोजा, अर्ध्यावर थांबा, चाकं सरळ करा आणि त्या स्थितीत लिंकची लांबी जुळवा. या बॉक्समध्ये दातांची घट्ट जागा फक्त मधोमध असते. मध्य चुकवून स्टेअरिंग व्हील काढून सरळ लावलं तर दिसायला सगळं ठीक, पण हायवेवर बॉक्स कायम त्याच्या ढिल्या भागात चालतो. बॉक्सवरचा अॅडजस्ट स्क्रू पिळून हा खेळ काढायचा मोह होतो. जास्त पिळला तर वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही आणि दात खाल्ले जातात. नकलवरचे स्टॉप बोल्ट असे लावा की बॉक्स आतून तळाला टेकण्याआधी चाकं थांबतील. मग गाडी पूर्ण लोंबती ठेवून आणि नंतर पाटे दाबलेले असताना, दोन्ही टोकांना स्टेअरिंग वळवून लिंक ऑइल पॅनला, पाट्याला, डिफरन्शियलला कुठे लागते का बघा.

होसबद्दल एक महत्त्वाची नोंद. १९८० पासून या बॉक्सच्या होस-जोडण्या मेट्रिक झाल्या आणि ओ-रिंगवर बसू लागल्या. त्याआधी इंचांतल्या, शंकूच्या तोंडाच्या होत्या. तुमच्या १९७९च्या गाडीत नंतरच्या वर्षाचा बॉक्स आणलात तर तोंड जुळणार नाही. जबरदस्तीने कसू नका, जुळवणारे अडॅप्टर मिळतात. इनपुट शाफ्टचे दातही वर्षागणिक वेगळे असतात, म्हणून चकती किंवा युनिव्हर्सल जॉइंट मागवण्याआधी मोजा. पंप जुना असेल तर याच वेळी बदला, तेल पूर्ण काढा. हवा काढताना इंजिन बंद ठेवून, पुढची चाकं उचलून, स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवा. इंजिन चालू करून केलं तर तेलाचा फेस होतो आणि पंप रडत राहतो.

क्रॉसओव्हरनंतर एक गोष्ट बदलते, जी फार कमी लोक लक्षात घेतात. आता स्टेअरिंगचा जोर आडवा आहे, म्हणजे बॉक्स नकलला ढकलतो तेव्हा एक्सल चेसिसखाली बाजूला सरकायला बघतो. त्याला धरून ठेवतात फक्त पाटे, शॅकल (पाट्याच्या टोकाची हलणारी कडी) आणि त्यांचे बुश. म्हणून जुने रबरी बुश आणि खाल्लेल्या शॅकल पिना हा आता स्टेअरिंगचाच खेळ झाला. शॅकल बदलताना रेलला जोडणाऱ्या हँगरच्या रिव्हेट बघा, मिठाच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत त्या ढिल्या सापडतात. आणि बॉक्सवरचा भार क्रॉसओव्हरने कमी होत नाही, त्याची दिशा फक्त बदलते. चेसिसची प्लेट तरीही लागतेच.

डाना ६० बद्दल थोडक्यात. १९७७ पासून एक टनी के-३० मध्ये आलेला किंगपिनवाला (बॉल जॉइंटऐवजी जाड पिनेवर नकल फिरणारा) डाना ६० अप्रतिम एक्सल आहे, पण ३३ इंची टायरला तो नको. वजन वाढतं, चाकांना आठ स्टड येतात म्हणून मागचा एक्सलही बदलावा लागतो, आणि या पैशात वर सांगितलेलं सगळं काम होऊन उरतं. टायर ३७ इंच आणि त्यापुढे जाणार असाल तेव्हा विचार करा. हायड्रॉलिक रॅमही (चाकं वळवायला मदत करणारा तेलाच्या दाबावरचा सिलिंडर) तेव्हाच.

महाराष्ट्रात जुनी महिंद्रा सीजे-३बी किंवा तिच्या पुढच्या जीपगाड्या सांभाळणाऱ्यांनी हा क्रम तसाच वापरावा, भाग मात्र वेगळे आहेत. तिथे नकल बंद गोळ्याची, आत किंगपिनची टेपर बेअरिंग, आणि त्यांचा ताण शिम काढून-घालून साधायचा. सीजे-३बीत खेळ सगळ्यात आधी पुढच्या क्रॉसमेंबरवरच्या बेलक्रँकमध्ये (स्टेअरिंगचा जोर टाय रॉडकडे वळवणारा आर्म) येतो. त्याची पिन आणि बुश न बदलता नवे टाय रॉड एन्ड टाकण्यात पैसे वाया जातात. तिचा कॅस्टर ३ अंश आणि टो-इन (दोन्ही चाकं पुढच्या बाजूने किती जवळ असतात तो फरक) ३/६४ ते ३/३२ इंच. पॉवर स्टेअरिंग किंवा दुसऱ्या गाडीचा एक्सल बसवायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं.

परत तुमच्या गाडीकडे. सगळं जोडून झाल्यावर टो-इन घरीच लावता येतो. टायर जमिनीवर, गाडी थोडी पुढे ढकलून थांबवलेली. दोन्ही टायरच्या मध्यावर खडूने रेघ मारा आणि एक्सलच्या उंचीला पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने अंतर मोजा. पुढचं अंतर सोळावा ते आठवा भाग इंच कमी हवं. टाय रॉडचे क्लॅम्प कसताना त्यांचे बोल्ट कुठे घासणार नाहीत असे फिरवून ठेवा. स्टॅबिलायझर घ्यायचा असेल तर आता घ्या, एकच पुरे, आणि आधी त्याच्याशिवाय गाडी चालवून बघा. त्याच्याशिवाय ताशी ६० मैलांवर ती सरळ आणि शांत चालली पाहिजे. लिफ्टमुळे ब्रेकचे रबरी होस ताणलेले नाहीत ना, हे एक्सल पूर्ण लोंबता ठेवून आणि स्टेअरिंग टोकापर्यंत वळवून बघा. ताण असेल तर लांब होस टाका. पहिल्या थोड्याशा फेरीनंतर आणि पुन्हा पाचशे मैलांनी यू-बोल्ट, ड्रॉप आर्मचा नट, बॉक्सचे बोल्ट आणि उजव्या आर्मचे स्टड टॉर्क पान्याने तपासा. दोन्ही वेळा प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा, म्हणजे पुढे वाकून नुसतं बघितलं तरी कोणता सरकलाय ते कळेल.